चौथा प्लग

कुंभवलीत बिऱ्हाड थाटलं त्या पहिल्याच रविवारी शेजारचे गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले. नवीन बिऱ्हाड आलं की शेजारी नाव विचारतात, गाव विचारतात, फार तर पगार विचारतात. या गृहस्थांनी माझ्या स्कूटरकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "प्लग कुठल्या रंगाचा हाय?"

मी म्हटलं, "कोणाचा?"

"स्कूटरचा हो. तुमाला कुठं प्लग असतो."

मला सांगता येईना. मी डिप्लोमा केलेला माणूस. सांगलीहून इथे आलो तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात देखभालीच्या कामावर. दिवसभर पंप आणि मोटारींशी झुंजतो, आणि स्वतःच्या स्कूटरच्या प्लगचा रंग मला ठाऊक नव्हता. स्वतःच्या पोराची इयत्ता न सांगता येणाऱ्या बापाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून पाना काढला, खाली बसले आणि पाच मिनिटांत प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो काळाकुट्ट होता.

"जास्त पितेय. लक्ष द्या," एवढं बोलून ते स्वतःचं नाव न सांगताच निघून गेले.

नाव मला बायकोकडून कळलं. वैशालीने दुपारपर्यंत आळीची सगळी माहिती गोळा केली होती. पद्माकर हे त्यांचं नाव आणि लहानथोर सगळ्यांना ते पदूकाका. मूळचे चिंचणीकडचे. एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आता निवृत्त. मुलगी वापीला दिलेली. घरात ते, मालतीकाकू आणि एक पांढरी मोटारगाडी, अशी तीन माणसं. गाडीला माणसांत धरायचं हे वैशालीला समोरच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं.

पदूकाकांचं जगाविषयीचं सगळं मत प्लगच्या टोकावर उभं आहे. इंजिन नीट जळत असेल तर प्लगचं टोक चिकूच्या सालीच्या रंगाचं होतं. काळं पडलं तर गाडी पेट्रोल जास्त पिते, पांढरं पडलं तर उपाशी धावते. इतकं कुठल्याही मेकॅनिकला माहीत असतं. पदूकाकांचं निराळेपण असं की ते तिथे थांबत नाहीत. एकदा आमचे मॅनेजरसाहेब माझ्याकडे जेवायला आले होते. फाटकाशी दोन मिनिटं बोलून पदूकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब पांढरा हाय. उपाशी धावतोय. सांबाळा, तापंल." पुढच्याच महिन्यात साहेबांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. वैशालीवर याचा एवढा परिणाम झाला की तिने काकांना माझ्याबद्दल विचारलं.

"हे? हे काळे," पदूकाका म्हणाले. "इचार जास्त, जळन कमी."

हे वाक्य आमच्या घरात अजून आठवड्यातून दोनदा तरी वापरलं जातं. कोण वापरतं ते सांगायला नको.

"आदी प्लग, मग गप्पा" हे त्यांचं दुसरं वाक्य. त्यांच्याकडे चहाला बोलावलेल्या माणसाने वाहन आणलं असेल तर आधी ते तपासलं जातं आणि चहा नंतर येतो. पाहुणे हल्ली रिक्षाने येतात. रिक्षावालेही लांबच थांबतात.

त्यांच्या खिशात पाना असतो तसा एक गेजही असतो. पातळ पोलादी पात्यांचा जुडगाच म्हणा. प्लगच्या टोकाशी जी बारीक फट असते ती या पात्यांनी मोजायची. पदूकाका त्याने वाटेल ते मोजतात. आमच्या दाराची फट मोजून त्यांनी सुताराला पुन्हा बोलवायला लावलं. मालतीकाकू उन्हाळ्यात तांदळाचे पापड लाटतात तेव्हा हे शेजारी बसून एकेक पापड मोजतात आणि जाड निघालेला परत करतात. एका वर्षी काकूंनी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि उठून गेल्या. त्या दिवशी जे पापड झाले त्यांची जाडी म्हणे शेवटपर्यंत अचूक होती, फक्त आकार पापडाचा नव्हता.

त्यांच्या ओटीच्या भिंतीशी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एकावर एक रचलेले आहेत. अंड्यांच्या जागी वापरून झालेले प्लग. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मी एकदा बसून वाचत गेलो. "वैतरणा. मावसभावाचं लग्न. जेवण उशिरा. प्लग उत्तम." "नवापूर. बोंबील आणले. वारा फार. प्लग उत्तम." "पालघर, डोळ्यांचा दवाखाना. मालती घाबरली. प्लग उत्तम." लोक फोटोंचे अल्बम ठेवतात. हे प्लग ठेवतात, आणि खरं सांगायचं तर अल्बमपेक्षा यांच्यात मजकूर जास्त असतो.

आता गाडीकडे यायला हवं. गाडीच्या पोटात ज्यांना रस नाही त्यांनी पुढची आठ-दहा वाक्यं सोसावीत, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. अडकली आहे हे मी शब्दशः म्हणतोय.

काकांच्या गाडीच्या इंजिनात चार प्लग. त्यांना ठिणगी पुरवतो तो कॉइल. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याचा त्याचा छोटा कॉइल असतो. एक बोल्ट काढला, वर ओढला, खाली प्लग हजर. काकांच्या गाडीत तसं नव्हतं. चौघांना मिळून एकच मोठा कॉइल, विटेएवढा, आणि तो लोखंडी पट्टीवर नेमका चौथ्या प्लगच्या डोक्यावर बसवलेला. पहिले तीन प्लग सरळ निघायचे. चौथा काढायचा तर आधी कॉइल पट्टीसकट काढायला हवा. पट्टीचा मागचा बोल्ट खाऱ्या हवेने इतका जाम झाला होता की जोर केला तर इंजिनालाच तडा जायची भीती. बोईसरच्या गॅरेजवाल्याने एका वाक्यात निकाल दिला होता, "चाचा, पट्टी काटनी पड़ेगी." पदूकाका गाडी घेऊन उठले ते पुन्हा त्या गॅरेजकडे फिरकले नाहीत. गाडीच्या अंगाला कटर लावायचा नाही म्हणजे नाही.

मग तेव्हापासून अकरा वर्षं चौथा प्लग निघत कसा होता? मालतीकाकूंच्या हाताने.

लोक अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतात. पदूकाका अमावास्येला प्लग काढतात. त्यांचं म्हणणं, लिंबाला काय ठाऊक आत काय चाललंय. अमावास्येच्या सकाळी अंगणात बॉनेट उघडायचं. पहिले तीन प्लग काका स्वतः काढून फडक्यावर ओळीने ठेवायचे. मग घराकडे तोंड करून हाक मारायचे, "मालती, ये गो." काकू पदराला हात पुसत यायच्या. बांगड्या कोपरापर्यंत वर सारून त्यावर रबर चढवायच्या. मनगटापर्यंत खोबरेल लावायच्या आणि कॉइलखालच्या त्या चार बोटांच्या फटीतून हात आत घालायच्या. आतलं काही दिसत नसे. डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून त्या नुसत्या बोटांनी शोधायच्या. शेजारी पदूकाका श्वास धरून उभे. थोड्या वेळाने काकू म्हणायच्या, "लागला." आतल्या आत आखूड पाना फिरवायच्या. मग म्हणायच्या, "आला." काका तो प्लग दोन्ही हातांनी घ्यायचे आणि आळीत जो कोणी दिसेल त्याला सांगायचे, "चौथा आमच्या मालतीच्या हाताचा हाय. दुसऱ्या कुनाला द्यायचा नाय तो."

एरवी हे जोडपं दिवसाकाठी चार वाक्यं बोलत असेल. त्यातली दोन भाजीची. अमावास्येला मात्र प्लग निघाले की दोघं बॉनेटशी उभं राहून चारही प्लगांवर तासभर चर्चा करायचे. काकूंचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण प्लगचा रंग बघून मागच्या महिन्यात गाडी कुठे कुठे गेली हे त्या सांगायच्या. मग दोघं त्याच गाडीतून नवापूरपर्यंत जाऊन यायचे. कारण विचारलं तर काका म्हणायचे, प्लग बसवले की तपासायला नको का.

या चौथ्या प्लगशी माझाही एकदा संबंध आला. काकू मुलीकडे वापीला गेल्या होत्या आणि अमावास्या आली. काका बॉनेट उघडून नुसते बघत बसले होते. मला दया आली. माझे हात बारीक आहेत, आणि डिप्लोमाचा मी आधीच उल्लेख केला आहे. मी म्हटलं, काका, मी काढतो. हात आत गेला, प्लगही हाताला लागला, पान्याने सुटलाही. हात काही बाहेर येईना.

अर्धा तास मी त्या गाडीला वाकून उभा होतो. आळीतली माणसं येऊन बघून जात होती. साबणाचं पाणी ओतून झालं. वैशालीने आधी फोटो काढला आणि मग काळजी केली. पदूकाका एकच गोष्ट परत परत सांगत होते, की प्लगला धक्का लागू देऊ नका. शेवटी वैशालीने वापीला फोन लावला. काकूंनी शांतपणे विचारलं, "प्लग हातात हाय का त्यांच्या?" हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग मूठ सोडायला सांगा." मी मूठ सोडली आणि हात निघाला. प्लग आतच राहिला तो काकू परत येईपर्यंत. तेव्हापासून मी गेली पाच वर्षं काकांना तेच सांगत होतो जे गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, की पट्टी कापा, तो जुना कॉइल फेका आणि चार नवे बसवा. दर वेळी उत्तर एकच. नाय.

म्हणूनच या वर्षी, होळीनंतरच्या एका सकाळी पदूकाका कटर मशीन हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले तेव्हा माझा विश्वास बसला नाही.

"पट्टी कापतो," ते म्हणाले. "चार कॉइल आनायचे. वायरी तुमी जोडा."

मी कारण विचारलं नाही. जिंकलेला माणूस कारणं विचारत नाही. पाच वर्षांनी माझं ऐकलं गेलं होतं, तेही पदूकाकांनी ऐकलं होतं. त्या दिवशी कारखान्यात मी चार जणांना ही बातमी सांगितली.

पुढच्या रविवारी आम्ही बोईसरच्या भंगारबाजारात गेलो. मला हवे ते कॉइल भंगारवाल्याकडे ढिगाने होते. मी मीटर लावून चार चांगले निवडले. पदूकाकांनी ते हातात घेतले आणि परत ढिगात टाकले. म्हणाले, डोकं बारीक आहे. मी पुन्हा चार निवडले. त्यांचंही डोकं बारीक निघालं. मग हे गृहस्थ स्वतः ढिगाशी बसले आणि एकेक कॉइल उचलून बघू लागले. तेही बोटांनी नाही. दोन मनगटांच्या मध्ये धरून. कधी तळव्याने रेटून, कधी कोपराच्या खोबणीत दाबून. भंगारवाला आधी हसला, मग चिंतेत पडला.

"चाचा, कॉइल का सर नहीं देखते, करंट देखते हैं।"

पदूकाका मान वर न करता म्हणाले, "करंट तो सबमे रहता है। पकडने को आना चाहिए।"

दोन तासांनी चार मोठ्या डोक्याचे कॉइल मिळाले. उन्हाने माझं डोकंही बरंच मोठं झालं होतं. परत येताना मी बोललो नाही, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी आलो तर मालतीकाकू ओटीवर बसलेल्या. माझा राग एव्हाना निवला होता आणि विजय पुन्हा आठवला होता. मी कॉइलची पिशवी उंच धरून म्हटलं, "काकू, सुटलात तुम्ही! आता तुमच्या हाताची गरज नाही. चौथा प्लग लहान मूलसुद्धा काढेल."

पदूकाका तोवर परसात गेले होते. काकू पिशवीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. सांधे सुजलेले होते. रोज त्यांच्या हातचा चहा पिऊनही मला ते कधी दिसलं नव्हतं.

"संधिवात हाय म्हनतात," त्या म्हणाल्या. "गेल्या अमावास्येला हात आत गेला, प्लग लागला, पन बोटं मिटली नाय. लय येळ उभी राह्यले. ह्यांनी बगितलं. कायच बोलले नाय. बॉनेट लावलं. दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आले."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ह्या घरात दुसरं काय माज्यावाचून अडत नव्हतं हो," काकू म्हणाल्या. "तेवडं एक अडत होतं. नको झालं तर सांगायचं तरी."

मला लाज वाटली. सुटलात तुम्ही, असं मी ओरडून सांगितलं होतं, तेही पिशवी उंच धरून. रात्री जेवताना वैशालीला सगळं सांगितलं. तिने भात वाढता वाढता एवढंच विचारलं, की मग उद्या तू त्या माणसाला काय सांगणार आहेस. मी काय काय सांगणार आहे ते तिला सविस्तर सांगितलं. तयारी चांगली झाली होती. अकरा वर्षं ज्या हाताने तुमची गाडी चालली त्याला न विचारता रजा देता, असं एक वाक्य होतं, ते मला विशेष आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलो तो तडक त्यांच्या परसात गेलो. जुना कॉइल पट्टीसकट कापून बाजूला पडला होता. नवे चार कॉइल प्लगांच्या डोक्यावर बसवलेले होते. माझ्या वायरी जोडायच्या तेवढ्या बाकी होत्या. पदूकाका माझ्याकडे पाठ करून इंजिनावर वाकले होते आणि धापा टाकत होते.

त्यांच्या दोन्ही हातांची बोटं काळ्या टेपने गुंडाळलेली होती. एकेक नाही. चारही बोटं एकत्र, अर्धवट वळलेली, अंगठ्यासकट घट्ट बांधलेली. तशा हातांनी ते पहिला कॉइल वर काढायचा प्रयत्न करत होते. कॉइल निसटत होता. ते पुन्हा तळवा लावत होते.

पाठ केलेलं भाषण मी बाजूला ठेवलं.

"काका, हे काय?"

त्यांनी वळून बघितलं. चोरी पकडली गेल्यासारखे हात मागे नेले, मग निरुपायाने पुढे आणले. "टेप सोडवा जरा. दातानं निगत नाय." मी टेप सोडवायला लागलो. ते इंजिनाकडे बघत बोलत होते. "तिची बोटं इतकीच वळतात. मी मोजली. झोपेत मोजली, जागेपनी दाखवत नाय ती. चिमटीत कायच येत नाय. आता बगा, जुन्या कॉइलखाली हात घालायचा म्हंजे बोटंच पायजेत. बोटांचं काम काडून टाकलं. पन ह्ये नवीनपन चिमटीतच धरावं लागतं. गाडी बनवनाऱ्यानं सगळं बोटांसाटी बनवलंय. मनगटासाटी कुनी बनवत नाय."

"म्हणजे तुम्ही हे काकूंसाठी—"

"मग कुनासाटी? मला काय करायचंय. मी पट्टी कवाच कापली असती आनि माजा मी काडला असता."

मी म्हटलं, काकूंना वाटतंय की तुम्हाला त्यांचा हात नको झाला. खरं काय ते सांगा ना त्यांना. पदूकाका माझ्याकडे खरोखरच न कळल्यासारखं बघत राहिले. "सांगायचं काय त्यात? झालं की दिसंल." तीस वर्षं यंत्रांशी बोललेल्या माणसाला यापलीकडे काही सुचत नसावं. मी वैशालीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, तू मधे पडू नकोस, तू बोललास की काय होतं ते आपण बघितलंय. ते खरं होतं. मी काकूंना काही सांगितलं नाही, आणि पुढचे अठरा-वीस दिवस ते मनात ठेवणं मला फार जड गेलं. काकू ओटीवर दिसत. कापलेल्या पट्टीकडे बघून तोंड फिरवून घेत. आम्ही दोघं परसात खाटखूट करत असू. त्यांनी आम्हाला चहा आणून द्यायचा थांबवला. मागितला तर मिळायचा.

अमावास्या शनिवारी होती. मी मुद्दाम दुसरी पाळी घेतली. सकाळी नऊला पदूकाकांनी गाडी अंगणात आणली आणि बॉनेट उघडलं. आतलं काम पहिल्यांदाच पुरं झालेलं दिसत होतं. चारही कॉइलना मिळून वरून दाबून धरणारी एक नवी आडवी पट्टी होती आणि तिला मोठ्या डब्याला असते तशी कडी. तळव्याने दाबली की सुटणारी. प्रत्येक कॉइलच्या डोक्याला खाटेला विणतात त्या नवारीचा रुंद फास शिवलेला. प्लगचा पाना लांब केलेला, त्याला वर आडवा दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या मुठी.

पदूकाकांनी एकाही कॉइलला हात लावला नाही. घराकडे तोंड करून म्हणाले, "मालती, ये गो."

काकू ओटीवर वाल सोलत होत्या. एकेक वाल सुटायला बराच वेळ लागत होता. त्या उठल्या नाहीत. "मी कशाला? आता तर सगळं वरती आलंय. तुमी काडा."

"माज्या हातानं येत नाय."

हे इतकं धडधडीत खोटं होतं की मी स्कूटरशी जाऊन खाली वाकलो. काकू तरीही बसून राहिल्या. मग हळूहळू उठल्या, पदराला हात पुसले आणि गाडीशी आल्या. बघत राहिल्या. कडी बघितली, फास बघितले, पाना बघितला. काकूंना प्लगांतलं एवढं कळतं, तर यातलं कळायला वेळ लागणार नव्हता. त्यांनी तळव्याने कडी दाबली. पट्टी वर उठली. त्यांनी पहिल्या फासात हात घातला, तो मनगटापर्यंत गेला, आणि हात नुसता वर उचलला. कॉइल निघाला. बोटांना काही करावंच लागलं नाही. मग पाना आत सोडून दोन्ही तळवे मुठींवर ठेवून त्यांनी अंगाचा भार दिला. पाना फिरला. प्लग वर आला.

काकू प्लगकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत होत्या.

"माज्यासाटी केलं?"

"कॉइलसाटी केलं. जुना लय जागा खात होता."

"खरं सांगा."

पदूकाकांनी फडकं उचललं, झटकलं, पुन्हा ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस गेज काढून काहीतरी मोजायला लागणार. पण ते म्हणाले, "तू आत बसलीस तर मी इतं एकटा उभा राहून काय करू गो?"

हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं. स्कूटरशी वाकलो होतो, पण ऐकलं.

काकूंनी नाक ओढलं. पदराने डोळे पुसायला हात नेला तर तो नवारीच्या फासात अडकलेलाच होता आणि कॉइल लोंबत होता. त्यांनी तो सोडवला. मग आवाज नेहमीचा करून विचारलं, "आनि उद्या मनगट पन नाय हाललं तर?"

पदूकाकांनी बायकोच्या हाताकडे बघितलं. खांद्यापासून खाली, नीट, काम अंगावर घेण्याआधी फिटर बघतो तसं.

"मग कोपराचं बनवू," ते म्हणाले.

काकूंनी दुसऱ्या फासात हात घातला.